पाठीवरचं शेकरू

रंगडोंगर पार्क, स्टाफ क्वार्टर्स
२१ जानेवारी २०२५

...आणि तेच तर म्हणतेय मी मामा, त्या फॉर्मवर तीनच ओळींची जागा होती! 'कपड्याबद्दल शेरा', बस. तू मागच्या कोऱ्या बाजूवर, कडेकडेनं, अगदी माझ्या सहीच्या चौकोनात पण लिहून पाठवलंस. त्यात टी-शर्टबद्दल एक ओळ, 'कापड मऊ आहे', आणि बाकी सगळं जेवतेस का, खोलीत डास आहेत का, कॅन्टीनची चपाती कच्ची असते का. ज्ञानदेव सरांनी तो फॉर्म सगळ्यांसमोर वाचला आणि म्हणाले, "दिव्या, हा फॅब्रिक रिपोर्ट आहे की स्थळाची चौकशी?"

म्हणून आता असं कर. फॉर्म सोड, मला सरळ पत्रच लिही, पार्सलमध्ये टाकून. फोनवर तर तू "सगळं मस्त, ठेवू का?" एवढंच बोलतोस. कागदावर मात्र सुटतोस एकदम. मी पण लिहीन. मराठी लिहून माझा हात दुखतो, पण चालेल. इंग्लिश मीडियमला घातलं त्याची शिक्षा समज.

आता नीट ऐक, कारण फोनवर तू ऐकलं नव्हतंस. हा टी-शर्ट मे महिन्यात आमच्या सुव्हेनिअर शॉपमध्ये यायचाय, सुट्टीच्या सीझनला. डिझाइन पूर्ण माझं! पुढे खिसा, खिशातून डोकं काढून बघणारं शेकरू. पाठीवर तेच शेकरू उडी मारतंय आणि त्याची शेपटी खांद्यापासून कंबरेपर्यंत. मी अजून ट्रेनी आहे. हा पास झाला तर मला पर्मनंट करतील. पाच जणांना घालायला दिलाय, त्यातला एक तू. घाल, धू, परत घाल, पार वाट लाव त्याची.

तुला तो पिवळा टी-शर्ट आठवतो ना? तुझ्या कंपनीच्या फॅमिली डेला आपण पार्कला गेलो होतो, आणि मी दुकानासमोरून हलेचना म्हणून तू घेतलास तो? पहिल्याच धुण्यात त्यावरच्या जोकरचं तोंड सोलून निघालं, गळा लोंबला, उंची एवढी आटली की शेवटी तो तुमच्या तान्ह्या सोनूला झबलं म्हणून घातला. मी दोन दिवस रडले होते. लोक एक अख्खा दिवस घरी घेऊन जायला म्हणून तो कपडा घेतात रे. तो दिवस बादलीत विरघळला तर कसं चालेल?

म्हणून मला असा टी-शर्ट करायचाय जो टिकेल. खरंखरं सांग हं सगळं.

तुझी दिवू


चिंचवड
४ फेब्रुवारी २०२५

चि. दिवू,

जय भीम. तुझ्या सरांना सांग, मामानं चौकशी नाही करायची तर कोणी करायची? आणि चपातीचं उत्तर तू दिलंच नाहीस.

आता शेरा. टी-शर्ट एक नंबर. मी गुरुवारी घालतो, सुट्टीला. बाकीचे दिवस युनिफॉर्मच. कंपनीत काम लय जोरात हाय, प्रेस शॉपला ओव्हरटाइम चालू हाय, त्यामुळं पत्राला उशीर. गळा अजून ताठ हाय. डाव्या कुशीची शिवण जराशी पुढं पिळायली, घातल्यावर पोटाकडं येती. तुझी मामी म्हणाली, "टी-शर्टची शिवण नाही, तुमचं पोट तिच्याकडं गेलंय."

शेकरू मात्र पोरांना लय आवडतंय. परवा माणला एका बिल्डिंगीत एका बारक्या पोरीनं दार उघडलं, माझ्या खिशाकडं बघितलं आणि आत ओरडली, "मम्मी, खारवाले काका आले!" मी म्हणलं, खार नाही गं, शेकरू. ती म्हणाली, सेमच असतं. आता तूच सांग तिला.

पिवळा टी-शर्ट आठवतो की. तू रडत होतीस आणि तुझी मामी त्या जोकरला सुईदोऱ्यानं तोंड काढून देत होती. तिनं काढलेलं तोंड जरा रागीट झालं, म्हणून तू अजून रडलीस.

पर्मनंट हो लवकर. एकदा पर्मनंट झालं की माणूस रात्री नीट झोपतो.

तुझा मामा,
भीमराज

ता. क. टी-शर्ट मामीनं धुऊन, घडी घालून दिलाय. बघून परत पाठव, मला लागतो.


रंगडोंगर पार्क
१७ फेब्रुवारी २०२५

मामा!

मी तुझा टी-शर्ट टेबलावर पसरला आणि शेजारी बाकीचे चार. एक आमच्या वेव्ह पूलच्या लाइफगार्डचा आहे, तो रोज उन्हात उभा असतो. मामा, तुझ्या टी-शर्टचा रंग त्याच्यापेक्षा जास्त उडालाय! खांदे आणि बाह्यांची वरची बाजू एकदम फिकी, खालची बाजू नव्यासारखी. तू तर शेडमध्ये काम करतोस, आणि घालतोस पण फक्त गुरुवारी. मग हे ऊन कुठलं?

आणि पाठ. शेकरूची शेपटीच गेली रे. तडे जाऊन नाही गेली, तर घासून घासून गेलीये. बरोबर चौकोनात. चौकोनाच्या बाहेर प्रिंट अगदी शाबूत. दोन्ही खांद्यांवर दोन पट्टे, तिथे बारीक बारीक गोळे आलेत आणि कापड विरळ झालंय, उजेडात धरलं तर पलीकडचं दिसतं.

मी खूप विचार केला आणि मला कळलं! तुम्ही दोघं ट्रेकिंग सुरू केलंय ना? मला न सांगता! दर गुरुवारी लोहगड नाहीतर राजमाची, पाठीवर मोठी सॅक, मामीचे पराठे. मी इथे डोंगराच्या कुशीत राहते आणि मला कोणी विचारलं पण नाही. मी चिडलेय हं. फोटो पाठव आधी.

आणि माणला कशाला गेला होतास? तिथला गड मला माहीत नाही!

पण सिरियसली, ही इन्फर्मेशन सोन्यासारखी आहे. पाठीवर बॅग घेतली की प्रिंट जाते, हे बाकी चौघांच्या टी-शर्टवरून कळलंच नसतं. मी रिपोर्टमध्ये लिहितेय: 'वापरणारे दर आठवड्याला ट्रेकला जातात.' बरोबर ना?

टी-शर्ट परत पाठवतेय. अजून घाल.

दिवू


चिंचवड
२४ फेब्रुवारी २०२५

दिवू,

ट्रेकिंगच समज. मामीला त्याबद्दल फोनवर काही बोलू नको. मी एकटाच जातो, सराव करायलोय, नंतर तिला नेणार हाय. तिला सरप्राइज.

रिपोर्टमध्ये पाठीचं काही लिहू नको. लिहायचंच असलं तर 'वापरणाऱ्याची चूक' असं लिही. आमच्या कंपनीत पण पार्ट परत आला की तसंच लिहितात, वाद मिटतो. माझ्यामुळं तुझं डिझाइन फेल व्हायला नको.

काम जोरात हाय. घाईत लिहितोय.

मामा


चिंचवड
२५ फेब्रुवारी २०२५

चि. दिव्या,

मी मामी लिहितेय. ह्यांनी पत्र पाकिटात घालून पार्सल माझ्याकडं दिलं, टी-शर्टची घडी मीच घालते ना. ह्यांचं पत्र मी वाचलं नाही. माझं बाहीच्या आत ठेवलंय, ते त्यांना सांगू नको.

तुला काही विचारायचं नाही, सांगायचंच आहे. तुझ्या आईला सांगता येत नाही, ती लगेच रावेतहून पळत येईल. सोनूला सांगता येत नाही, तिची दहावीची परीक्षा चालू आहे. मग राहिलीस तू.

ह्यांची नोकरी गेली. दिवाळी झाली त्यानंतर कधीतरी. त्यांनी मला सांगितलं नाही, अजूनही सांगत नाहीत. पण बाळा, युनिफॉर्म मी धुते. इतकी वर्षं त्या शर्टाचं ऑइल काढता काढता माझ्या बोटांची सालं निघाली. आता शर्ट येतो तो नुसता चुरगळलेला, बाकी स्वच्छ. ऑइलचा वास नाही, डाग नाही. आणि तुझा तो सुट्टीचा टी-शर्ट मात्र रोज घामानं कडक होऊन येतो. हे म्हणतात, घरी आल्यावर घातला होता. मी म्हणते, बरं.

रोज सकाळी बूट पुसतात, आयकार्ड गळ्यात घालतात, डबा घेतात आणि गाडी काढतात. मी दारात उभी राहून म्हणते, सावकाश जा. कुठं जातात ते मला ठाऊक नाही. विचारलं तर सांगतील, पण मग उद्या सकाळी बूट कशाला पुसतील?

तुझा टी-शर्ट टिकाऊ आहे. रंग दुसऱ्या कपड्यांना लागला नाही. पाठीवर इस्त्री उलटी करून फिरवते.

तुझी मामी,
विजयश्री


रंगडोंगर पार्क
८ मार्च २०२५

मामी,

तुझं पत्र मिळालं. मी कोणालाच काही बोलणार नाही, प्रॉमिस. हे पत्र तुमच्या शेजारच्या सुजाताताईंच्या पत्त्यावर पाठवतेय, त्या तुला देतील. त्यांना म्हणाले की मामीला कुर्तीचं डिझाइन पाठवतेय.

मी किती बावळट आहे गं. मी त्याला लोहगडला पाठवून मोकळी झाले. खरं म्हणजे सगळं माझ्या समोर टेबलावर पसरलेलं होतं. रोज उन्हात फिरतो तो. पाठीवर मोठी चौकोनी बॅग असते, त्या घरपोच सामान आणणाऱ्या लोकांची असते ना, तशी. त्यानं पत्रात लिहिलं होतं, माणच्या एका बिल्डिंगीत मुलीनं दार उघडलं, ते त्यासाठी.

त्याला विचारू नकोस असं तू ठरवलंयस, तर मी पण नाही विचारणार. पण एक गोष्ट मला कपड्यावरून दिसतेय ती तुला सांगते. दोन्ही खांद्यांवर कापड विरळ झालंय. म्हणजे बॅगचे पट्टे तिथेच रुततात. कापडाचं असं झालंय तर आत खांद्याचं काय झालं असेल? त्याला तेल वगैरे लावायला सांगशील का काहीतरी कारण काढून?

मी त्याला नवीन सॅम्पल पाठवतेय. ते त्याला घालायला देण्याआधी तू एकदा बघ.

तुझी दिव्या


रंगडोंगर पार्क
८ मार्च २०२५

मामा,

ट्रेकचं कोणाला बोलले नाही. डोन्ट वरी.

पण 'वापरणाऱ्याची चूक' मी लिहिणार नाही. वापरणाऱ्याची कसली चूक? त्यानं कपडा घातला आणि दिवसभर त्याला जे काम होतं ते केलं. शेपटी तिथे काढली ही माझी चूक. आमच्याकडे येणारी प्रत्येक फॅमिली पाठीवर काहीतरी घेऊन फिरते, पोरांचे ओले कपडे, पाण्याच्या बाटल्या, झोपलेलं पोर. सगळ्यांची शेपटी गेली असती. हे मी सरांना बोलले. ते आधी म्हणाले, "पाठीवर प्रिंट नसेल तर गर्दीत आपली जाहिरात कशी होणार?" मी म्हटलं, "सर, बिनशेपटीच्या शेकरूनं पण होणार नाही." त्यावर म्हणाले, करून आण.

तर हा नवीन टी-शर्ट. शेकरू आता सगळं पुढे आहे. खिशातून निघून बरगडीवरून वळतं आणि शेपटी पोटाला गुंडाळते. (तुझ्या पोटासाठी जागा जास्त सोडलीये.) शिवण आता पिळणार नाही, कापड आधीच धुऊन घेतलंय. पाठ पूर्ण कोरी ठेवली. तिथे तुला जे घ्यायचंय ते घे.

मी रोज सकाळी उठले की तुझी आठवण काढते. असंच, काही कारण नाही.

दिवू


चिंचवड
३० मार्च २०२५

चि. दिवू,

जय भीम. हे पत्र तुझी मामी समोर बसलेली असताना लिहितोय. मधूनमधून वाचायली पण.

तुला कळलं होतं. "तिथे तुला जे घ्यायचंय ते घे" हे वाचलं तेव्हाच मला कळलं की तुला कळलंय. मी ते पत्र चार दिवस आयकार्डाच्या पाकिटात ठेवून फिरलो. माझी लाईनच कंपनीनं दुसऱ्या राज्यात हलवली, दिवाळी झाल्यावर. जेवढे कॉन्ट्रॅक्टवर होते तेवढे सगळे घरी. मी घरी नाही आलो, एवढाच फरक. तुम्हा सगळ्यांना वाटायचं मी पर्मनंट हाय. मी कधी तसं म्हणलो नाही, पण नाही असं पण म्हणलो नाही. आता रावेत, पुनावळे, माण, सगळं पालथं घालतो. सकाळी युनिफॉर्म वरून घालायचा, पेट्रोल पंपामागं उतरवायचा, आत तुझा टी-शर्ट. संध्याकाळी परत युनिफॉर्म. शाळेतल्या नाटकात पण एवढे कपडे बदलले नव्हते.

नवा टी-शर्ट मामीनं मला लगेच दिलाच नाही. म्हणाली, धुऊन देते. मग म्हणाली, वाळला नाही. शेवटी एकदाचा दिला. सकाळी पंपामागं युनिफॉर्म काढला, बॅग पाठीवर घेतली आणि काहीतरी वेगळं वाटलं. पट्टा रोज जिथं चावायचा तिथं चावेना. मला वाटलं तुझ्या पार्कवाल्यांनी काहीतरी शोध लावला. दुपारी सावलीत बसून टी-शर्ट काढला आणि उलटा केला.

आतून, एका खांद्यापासून मानेमागून दुसऱ्या खांद्यापर्यंत, दुहेरी पट्टी. मोरपंखी. हातशिलाई, इतकी बारीक की बाहेर एक टाका दिसत नाही. दिवू, मी ती साडी ओळखली. जयंतीला तुझी मामी कायम तीच नेसायची, पदर फाटला तरी टाकत नव्हती.

मी पुढची ऑर्डर घेतलीच नाही. घरी आलो. मामी मेथी निवडत होती. मी गळ्यातलं आयकार्ड काढून तिच्यापुढं ठेवलं.

"ही पट्टी कोणी लावली?"

"शिंप्यानं."

"कुठल्या शिंप्यानं?"

"घरातल्याच."

मी खाली बसलो. तिनं मेथीची अर्धी जुडी माझ्याकडं सरकवली. म्हणून मी पण निवडायला लागलो.

"कधीपासून माहीत हाय?"

"तुमचा शर्ट मळायचा बंद झाला तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढे तयार होऊन निघायचात. माझ्यानं मोडवेना."

मी मेथीच्या काड्या मोडत राहिलो. तीच म्हणाली, "डबा कुठं खाता?"

"पंपामागं. नाहीतर पुलाखाली."

"एकटे?"

"मग काय वरात नेऊ?"

"उद्यापासून घरी येऊन जेवायचं. घरावरूनच जाता ना? मी भाकरी गार करून बांधते आणि तुम्ही घरावरून पुढं जाऊन पुलाखाली खाता. शोभतं का हे?"

एवढंच बोलली. रडली नाही. मी रडलो थोडा, मेथीचं निमित्त करून. मेथीनं कोणी रडत नाही म्हणाली, त्याला कांदा लागतो.

सोनूचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी तिला पण सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, म्हणजे तुम्हीच ते शेकरूवाले काका? माझ्या मैत्रिणीचा भाऊ तुमची वाट बघतो." आता बोल.

सॅम्पल परत पाठवायचा नियम मला माहीत हाय. पण हा मी पाठवत नाही. तुझ्या सरांना काय सांगायचं ते सांग.

तुझा मामा

ता. क. मी मामी. खांदे बरे आहेत. तेल लावते.


रंगडोंगर पार्क
६ एप्रिल २०२५

प्रिय मामा आणि मामी (दोघांना एकाच पाकिटात, फायनली!),

तुमचं पत्र मी शॉपच्या मागे खोक्यांवर बसून वाचलं. सुभद्राबाई, आमच्या सफाईवाल्या मावशी, विचारत होत्या, "काय गं, वाईट बातमी?" मी म्हटलं, नाही मावशी, मेथी निवडतायत.

सॅम्पल ठेव. सरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, सॅम्पल वापरात आहे. रिपोर्टमध्ये तुझं नाव, काम, काहीच लिहिलं नाही. फक्त लिहिलं की खांद्यावर वजन येतं आणि तिथे आतून आधार हवा. आणि सोनूनं मोबाईलवर पाठवलेला मामीच्या पट्टीचा फोटो लावला. आमच्या धंद्यात याला शोल्डर टेप म्हणतात. चांगल्या टी-शर्टला असते. सुव्हेनिअरच्या टी-शर्टला सगळ्यात आधी हीच काढून टाकतात, कारण दुकानात ती दिसत नाही.

सर पण तेच म्हणाले. "हँगरवर असताना आत कोण बघतं, दिव्या?"

मी म्हटलं, "सर, हँगर टी-शर्ट घालत नाही."

माझं मलाच वाटलं, गेली नोकरी. पण त्यांनी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "हे टाके कोणी घातलेत?" मी म्हटलं, माझ्या मामीनं. ते म्हणाले, "त्यांना म्हणावं, आमच्या फॅक्टरीतल्या मशीनला लाजवलंत." टी-शर्ट पास झाला, मामा! शेकरू पुढे, पाठ कोरी, आणि आत पट्टी. मला पर्मनंट करायचं मात्र सीझन संपल्यावर बघू म्हणाले. आधी मला वाईट वाटलं असतं. आता तसं नाही वाटलं. तू रोज बूट पुसून निघतोस, तर मी पण निघेन की.

एक दिवस तुम्ही तिघं इथे या. गुरुवारीच या असं म्हणणार होते, मग लक्षात आलं की गुरुवारी तुमच्याकडच्या सगळ्या कंपन्यांना सुट्टी, सगळे घरी, म्हणजे तुला सगळ्यात जास्त ऑर्डर. तर आता तुझी सुट्टी तूच ठरव. वेव्ह पूलमध्ये भिजा, आणि कोरडं व्हायला शॉपमधून कपडे घ्या. तुला माहितीये, आमचे अर्धे टी-शर्ट लोक त्यासाठीच घेतात. पिवळ्याचा बदला यावेळी मी घेणार.

आता एकच गोष्ट राहिलीये, आणि ती मी एकटी ठरवणार नाही. पट्टीचा रंग. राखाडी तयार मिळतो, कुठल्याही कपड्यात मिसळून जातो, सरांना तोच हवाय. मला मामीच्या साडीचा तो मोरपंखी हवाय. बाहेरून कोणाला दिसणार नाही. फक्त ज्याचा टी-शर्ट आहे त्याला, तो डोक्यातून घालताना, तेवढा अर्धा क्षण. मामीची साडी आहे, म्हणून तिला विचारल्याशिवाय नको. आणि ती रोज खांद्यावर घेऊन फिरणारा तू आहेस.

तर सांगा, दोघांना काय वाटतं? राखाडी की मोरपंखी?

तुमची दिवू